घरी कोंकणी, कागदावर मराठी: गोव्यातल्या नव्या कथाकारासाठी

माझ्या पहिल्या कथेतली काकू सकाळी पोहे करते, दुपारी पिठलं-भाकरी वाढते आणि संध्याकाळी चौसोपी वाड्याच्या ओसरीवर जपमाळ ओढत बसते. ही काकू कुठली, तर गोव्यातल्या मये गावची. माझी सख्खी काकू. तिने जन्मात पिठलं केलेलं मी पाहिलेलं नाही. तिच्या घरात दुपारी शीत आणि हुमण, म्हणजे भात आणि माशांचं कालवण, आणि सोमवारी हुमणाच्या जागी वरण. जपमाळेचं म्हणाल तर तिला बसायलाच वेळ नसे. मी स्वतः पुण्याला तोवर एकदाच गेले होते, तेही एका लग्नाला.

मग ही पुणेरी काकू आली कुठून? वाचनातून. गोव्यात मराठी लिहिणाऱ्याची गोची हीच आहे. आपण शाळेत मराठी शिकतो, वर्तमानपत्र मराठी वाचतो, आरत्या, भजनं, जत्रेतली नाटकं सगळं मराठीत करतो आणि भांडतो मात्र कोंकणीत. कथा तर भांडणातूनच सुरू होते. त्यामुळे पेन हातात घेतलं की मराठी येते, पण ती पुस्तकातली येते, आणि येताना पुस्तकातली माणसंही घेऊन येते.

मी लिहायला लागले त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. एक कथासंग्रह निघाला, दुसरा अर्ध्यावर आहे, आणि नकारांची फाईल या दोन्हींपेक्षा जाड आहे. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर काही वर्षं वाचली असती आणि थोडे पैसेही. म्हणून क्रमाने लिहिते.

सुरुवातीला लागणारं सामान

फार काही लागत नाही. खिशात मावेल अशी छोटी वही आणि घरी लिहायची मोठी वही. पेन्सिल, कारण पावसाळ्यात बसच्या खिडकीतून उडालेल्या पाण्याने शाईचं काय होतं ते मी भोगलंय. एका वाचनालयाचं कार्ड. एक बरा मराठी शब्दकोश आणि शुद्धलेखनाचं छोटं पुस्तक. फोनवर किंवा संगणकावर युनिकोड मराठी. महागडी कार्यशाळा आणि लॅपटॉप या यादीत मी मुद्दाम घातलेले नाहीत.

१. आधी कार्ड काढा

पणजीला पाटोवर, कदंब बसस्थानकापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, संस्कृती भवनात कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. या ग्रंथालयाची सुरुवात १८३२ सालची, पोर्तुगीज अमदानीतली. मराठी विभागात शिरलात की पहिल्या दिवशी कथासंग्रहांच्या कपाटापुढे नुसते उभे राहा. सभासद व्हायला सहसा ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि अनामत रक्कम लागते. घरून निघण्याआधी फोन करून विचारा, म्हणजे एका झेरॉक्ससाठी पुन्हा खेप पडणार नाही. मडगावकडच्यांना गोमंत विद्या निकेतन जवळ आहे. तालुक्याची आणि गावची वाचनालयंही असतात. ती लहान असली तरी तिथे जुने दिवाळी अंक हमखास सापडतात, आणि कथा शिकायला जुन्या दिवाळी अंकासारखं दुसरं काही नाही. एकाच अंकात दहा कथा, त्यातल्या तीन चांगल्या, पाच बऱ्या आणि दोन फसलेल्या. फसलेली कथा का फसली हे शोधण्यात जे शिकायला मिळतं ते चांगल्या कथेत मिळत नाही; तिथे आपण कथेबरोबर वाहून जातो.

कादंबऱ्या जरूर वाचा, पण लिहायची सुरुवात कथेने करणार असाल तर कथा जास्त वाचा. आपल्या भूमीतले जुने कथाकारही काढा. सावई-वेऱ्याचे लक्ष्मणराव सरदेसाई, सत्तरीतल्या आंबेड्याचे महादेवशास्त्री जोशी. दोघांनीही गोव्याची माणसं मराठीत उभी केली. त्यांची भाषा आज तशीच उचलू नका. ती त्यांच्या काळाची आहे. मात्र आपला गाव मराठी कथेत राहू शकतो, त्याला आधी पुण्याला जाऊन यावं लागत नाही, एवढं त्यातून कळतं. मला हे तिसाव्या वर्षी कळलं.

एकच कथा तीनदा वाचा. पहिल्यांदा वाचक म्हणून. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन: काळ कुठे उडी मारतो, गोष्ट कोण सांगतंय, त्याला काय माहीत आहे आणि काय नाही, पहिलं बोलणं कितव्या ओळीला येतं. (ग्रंथालयाच्या पुस्तकावर खुणा करू नका. तुमच्या आधी कुणीतरी त्या केलेल्या असतातच आणि त्यांचा राग येतो.) तिसऱ्यांदा त्यातलं एक पान हाताने उतरवून काढा, अगदी शाळेत शुद्धलेखन उतरवायचो तसं. हात दुखायला लागला की कळतं, लेखकाने वाक्य कुठे तोडलंय आणि का.

२. वही खिशात ठेवा, फोनवर विसंबू नका

फोनवर टिपण करायला गेलं की वरून संदेश येतो आणि मग अर्धा तास गेला. वहीत तारीख, जागा आणि जे दिसलं-ऐकलं तेवढंच. विचार नकोत, उपमा तर नकोतच.

मी काही वर्षं मयेहून चोडणला यायचे, तिथून फेरीबोटीने रायबंदर आणि पुढे पणजी. त्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते:

«फेरीत मोटारसायकलवर बसलेला माणूस. इंजिन बंद. हेल्मेट घातलेलंच. काच आतून धुरकट. खांदे हलतायत. आरशाला स्टीलचा डबा लटकवलाय, पिशवीत. शेजारी नुस्तेकान्न. रँप खाली पडल्यावर सगळ्यांबरोबर त्यानेही किक मारली.»

एवढंच. (नुस्तेकान्न म्हणजे मासे विकणारी बाई.) तो रडत होता असंही मी लिहिलेलं नाही, कारण रडणं मला दिसलं नव्हतं. धुरकट काच दिसली होती. पुढे याची कथा झाली, पण आठ महिन्यांनी. तोवर ही नोंद नुसती पडून होती. रोज नोंदी करा आणि त्यातल्या बहुतेक पडून राहतील हे धरून चाला.

एक सापळा इथेच सांगते. ओळखीच्या घरातलं भांडण जसंच्या तसं कागदावर उतरवू नका. गोवा लहान आहे. तुमचं पात्र पुढच्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तुमच्याच घरी गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली बसून जेवणार असतं. नाव बदलून भागत नाही. धंदा, घर, वय, गाव यांतल्या निदान तीन गोष्टी बदला. तसं केलं की गंमत म्हणजे पात्र स्वतःच वेगळं वागायला लागतं आणि तिथून खरी कथा सुरू होते.

३. कोंकणीचं काय करायचं

नवे लिहिणारे मला सगळ्यात जास्त हेच विचारतात, आणि इथेच सगळ्यात जास्त चुकतं. त्यामुळे जरा सविस्तर.

फेरीच्या कथेत शेजारची नुस्तेकान्न त्या माणसाला काहीतरी बोलते. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं:

«म्हातारी त्याला म्हणाली, "बाळा, तुझे शिरस्त्राण काढ. थोडी हवा लागू दे."»

शिरस्त्राण! मासे विकणारी बाई एकदम ऐतिहासिक कादंबरीतून आल्यासारखी. दुसऱ्या खर्ड्यात:

«म्हातारी म्हणाली, "पुता, हेल्मेट काड रे. मातशें वारें लागूं दी."»

तिसऱ्यांदा मी मधला मार्ग काढून पाहिला: "पुता, हेल्मेट काढ रे. जरा वारं लागू दे." हेही वाईट नाही. पण ठेवलं ते दुसऱ्या खर्ड्यातलंच. मराठी वाचकाला 'काड' कळतं, 'वारें' कळतं, 'लागूं दी' कळतं. 'मातशें' एकटं राहतं आणि तेही संदर्भाने कळतं. तेव्हापासून माझा हिशेब ठरून गेलाय: कोंकणी वाक्यात अनोळखी शब्द एकच असेल तर वाक्य तसंच जाऊ द्यायचं. दोन-तीन असतील तर निवेदनाने हात द्यायचा. "पळोवया फाल्यां" हे नुसतं ठेवलं तर नागपूरचा वाचक अडेल. पण «"पळोवया फाल्यां," म्हणत त्याने विषय दुसऱ्या दिवसावर ढकलला» असं लिहिलं की अर्थ वाक्यातच आला. पानाच्या तळाशी अर्थाची टीप नको. टीप आली की वाचक कथेतून उठून शाळेत जाऊन बसतो.

याहून कठीण मामला आहे तो दोन्ही भाषांत राहणाऱ्या शब्दांचा. दिसायला एकच, अर्थ वेगळा. हे शब्द मला बरेच नडले.

वाडा. आपल्याकडे वाडा म्हणजे गावातली वस्ती, पंधरा-वीस घरांची. देशावर वाडा म्हणजे एक मोठं घर. «सगळा वाडा जत्रेला गेला होता» हे वाक्य वाचून सोलापूरच्या एका वाचकाने मला विचारलं होतं, एवढं मोठं कुटुंब होतं का त्यांचं?

शीत. आपल्याला ताटभर भात, त्यांना भाताचा एक कण. «तिने त्याला शीत वाढलं» म्हणजे तिकडच्या वाचकाला कंजूषपणाची कमाल वाटणार.

भाट. आपल्याकडे माडांची बाग. मराठीत राजाची स्तुती गाणारा. «आजोबांनी भाट विकला.» पुढचं बोलायलाच नको.

पोळी. आपली पोळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून, भोंगा वाजवत घेऊन येतो. महाराष्ट्रात पोळी घरी लाटतात. «पोदेराकडून चार पोळ्या घेतल्या» या वाक्याखाली एका संपादकाने लाल शाईने लिहिलं होतं, "पोळ्या विकत?"

मग हे शब्द टाळायचे का? मुळीच नाही. पहिल्यांदा वापरताना शेजारी एक तपशील ठेवायचा. «पोदेराच्या टोपलीतल्या पोळ्या अजून गरम होत्या, वर कोंडा लागलेला.» वाचकाने टोपली पाहिली, कोंडा पाहिला, आता पोळी म्हणजे काय हे त्याला समजावत बसावं लागत नाही. वाड्याला आधी चार घरं आणि चढाची एक घाटी द्या, भाटाला माड द्या.

उलट बाजूही आहे. निवेदनात नकळत शिरणारी कोंकणी. 'मला खबर नाही', 'तो मागीर आला' हे बोलताना आपल्याला खटकत नाही, पण निवेदक जर प्रमाण मराठीत बोलत असेल तर ते वाचकाला खटकतं. निवेदकच वाड्यावरचा असेल तर मात्र खुशाल येऊ द्या. फक्त एकदा काय ते ठरवा. पहिल्या पानावर 'मागीर' आणि पाचव्या पानावर 'तदनंतर' असं झालं तर एका गोष्टीत दोन माणसं बोलतायत असं वाटतं.

शाळेत कोंकणी शिकलेल्यांसाठी आणखी एक. कोंकणीत 'केलें', 'वारें' यांवरचे अनुस्वार लागतात. मराठीने १९६२च्या लेखननियमांत असे न उच्चारले जाणारे अनुस्वार सोडून दिले. तेव्हा मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम होते, १९७२ साली आणखी चार आले, असे एकूण अठरा. अठराच्या अठरा पाठ करू नका. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ (कवी, गुरू), आणि बोलण्यातलं 'केलं' किंवा लेखनातलं 'केले', पण 'केलें' नाही, एवढं सांभाळलं तरी निम्म्या चुका जातात.

आणि एक विनंती. ख्रिस्ती पात्र आलं की त्याच्या तोंडी मोडकी मराठी, 'काय मॅन' आणि हातात बाटली देऊ नका. हे सिनेमातून आलंय. तुमच्या शेजारचा मिंगेल तुमच्याइतकीच चांगली कोंकणी बोलतो, बहुधा जास्त चांगली. बारदेशची, साष्टीची, अंत्रुज महालाची बोली एकसारखी नाही. जी कानावर आहे तीच लिहा, दुसरीच्या वाटेला जायचं तर तिथल्या माणसाला वाचून दाखवा.

हे सगळं जमतंय की नाही हे डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं. लिहिलेलं पान मोठ्याने वाचा. मी स्वयंपाकघरात, मिक्सर बंद असताना वाचते. जिथे जीभ अडखळते तिथे पुस्तकातली मराठी शिरलेली असते.

४. पहिला खर्डा शेवटपर्यंत न्या

कितीही वाईट होत असला तरी. पहिलं पान वीस वेळा घासूनपुसून लखलखीत करणारे आणि दुसरं पान कधीच न लिहिणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. मागे न वळता शेवटापर्यंत जा, मग वही आठ-दहा दिवस कपाटात टाका.

एक प्रसंग, दोन-तीन माणसं, थोडा काळ. पहिल्या कथेला एवढं भरपूर झालं. तीन पिढ्यांची मुंडकार-भाटकाराची, म्हणजे भाटात राहणाऱ्याची आणि भाटाच्या मालकाची हकीकत, मुक्तिसंग्राम आणि खाणी असं सगळं एका कथेत कोंबू नका. ती कादंबरी आहे. ती होईल पुढे.

गोष्ट कोण पाहतंय ते लिहायला बसण्याआधी ठरवा. फेरीच्या कथेत मी निवेदकाला बाकावर बसवलं होतं. बाकावरून हेल्मेटच्या आतलं दिसत नाही. तरी मी लिहून गेले की त्याला बायकोची आठवण येत होती, ती बांबोळीच्या इस्पितळात होती, डॉक्टरांनी सकाळी अमुक सांगितलं होतं. हे निवेदकाला कुणी सांगितलं? कुणीच नाही. मी लेखिका म्हणून मध्येच तोंड घातलं होतं. तो सगळा परिच्छेद काढला आणि डबा ठेवला. परतीच्या फेरीत तोच डबा न उघडलेला दिसतो, एवढंच. इस्पितळ हा शब्दही आता कथेत नाही.

शेवटाबद्दल. पहिल्या खर्ड्यात मी त्या बायकोला मारून टाकलं होतं. ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीने वाचून विचारलं, "मरायला कशाला पाहिजे होती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवा लेखक शेवट सुचला नाही की कुणाला तरी मारतो, नाहीतर झोपेतून जागं करतो. दोन्ही करण्याआधी एक प्रयोग करा: शेवटचा परिच्छेद हाताने झाका आणि त्याच्या आधीच्या वाक्यावर कथा संपते का ते पाहा. दहातल्या सात वेळा माझी तिथेच संपलेली असते.

५. टंकलेखन

युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटमध्ये केलेलं दुसऱ्या संगणकावर उघडलं की नुसती चिन्हं दिसतात. काही छापखाने अजूनही जुन्या फाँटमध्ये पान लावतात आणि तुमची फाईल बदलून घेतात. त्या बदलात जोडाक्षरं हमखास तुटतात, म्हणून मुद्रित तुम्ही स्वतः तपासा. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. गोव्याच्या कथेत दोन्ही येतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर हा 'ऱ' शिफ्ट आणि जे दाबून येतो, मग पायमोड, मग 'य'. माझ्या संग्रहात कोळी एका ठिकाणी होडी घेऊन दऱ्यात गेलाय. तो अजून तिथेच आहे.

फाईलची एक प्रत स्वतःला ईमेल करून ठेवा. जूनमध्ये वीज कशी जाते-येते ते तुम्हाला सांगायला नको.

६. कुणाला वाचायला द्यायचं

घरच्यांना नको. ते एकतर कौतुक करतात किंवा पात्र कोण ते ओळखण्यात रमतात. दोन माणसं शोधा: एक भरपूर वाचणारा पण न लिहिणारा, आणि एक लिहिणारा. 'आवडली का?' असं विचारू नका. 'कुठे कंटाळलास?' आणि 'कुठे परत मागे जाऊन वाचावं लागलं?' हे विचारा. तिसरा वाचक गोव्याबाहेरचा मिळाला तर उत्तम. वाडा, शीत, भाट यांची परीक्षा तोच घेतो.

पर्वरीची गोमंतक मराठी अकादमी, पणजीची इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा इथे साहित्यिक कार्यक्रम होत असतात. डिचोली-सत्तरी-पेडण्याकडे छोटी मंडळं घरगुती बैठका घेतात. जा, पण ऐकायला जा. कविसंमेलनात कथा वाचायची संधी मिळाली तर पाच मिनिटांपेक्षा लांब वाचू नका. तोवर मागच्या रांगेत चहाचे कप वाजायला लागलेले असतात.

७. पाठवायची कुठे आणि कधी

सुरुवात जवळून करा. आपल्याकडच्या मराठी दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्या नव्यांना जागा देतात. महिनाभर पुरवणी वाचा, त्यात किती शब्दांची कथा येते ते मोजा आणि मगच पाठवा. बाराशे शब्दांच्या जागेत चार हजार शब्द पाठवले तर संपादक वाचणारसुद्धा नाही, आणि चूक त्याची नसेल.

मोठं मैदान दिवाळी अंकांचं. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथा या अंकांवर पोसली गेली आहे. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पण अंकाचं काम पावसाळ्यात चालतं. आपण चवथ आटोपून सावकाश कथा काढायला बसतो तोवर तिकडे पानं लागत आलेली असतात. मे महिन्यात कथा तयार हवी, जूनमध्ये गेलेली हवी.

सोबतचं पत्र चार ओळींचं पुरे: कथेचं नाव, शब्दसंख्या, अप्रकाशित असल्याचा उल्लेख, तुमचा पत्ता आणि फोन. कथेचा सारांश नको, 'आपल्या अमूल्य मार्गदर्शनाच्या प्रतीक्षेत' तर नकोच. तीन ओळींचा परिचय, एक फोटो, आणि मानधन मिळालंच तर लागणारा बँकेचा तपशील व पॅन एका ठिकाणी तयार ठेवा.

वहीत तक्ता आखा: कथा, कुठे पाठवली, तारीख, उत्तर. एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही दारं बंद होतात. तीन महिन्यांत काही कळलं नाही तर एकदा नम्रपणे विचारा, त्यानंतर कथा मागे घेतल्याचं कळवून दुसरीकडे पाठवा. बहुतेक वेळा नकार येतच नाही. नुसती शांतता येते. तिची सवय होते.

सापळा: 'राज्यस्तरीय कथास्पर्धा, प्रवेशशुल्क अमुक, निवडक कथांचा प्रातिनिधिक संग्रह, प्रत्येक सहभागी लेखकाने पाच प्रती घेणे आवश्यक.' यात निवड कथेची होत नाही, पाकिटाची होते. प्रमाणपत्र आणि ट्रॉफी मिळते. माझ्याकडे तशी एक आहे. दारात पाचर म्हणून बरी पडते.

८. पुस्तक काढताना

दहा-बारा कथा छापून आल्याशिवाय संग्रहाच्या मागे लागू नका. मी सात कथांवर लागले. एका प्रकाशकाने खर्चाचा मोठा वाटा मागितला, मी दिला. एका पानाच्या कागदावर सही केली. किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी, पुढच्या आवृत्तीचं काय, ईपुस्तकाचं काय, यातलं काहीही त्यावर नव्हतं. पाचशे प्रती छापल्या, त्यातल्या बऱ्याचशा पुठ्ठ्याच्या पेट्यांतून माझ्याच घरी आल्या. वितरण म्हणजे टेम्पो डिचोलीपर्यंत आला एवढंच.

नंतर कायदा वाचला. तुम्ही आधीच वाचा. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा, त्यातलं कलम १९. हक्क दुसऱ्याला देताना करार लेखी आणि सही केलेला लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. हक्क घेऊन प्रकाशक वर्षभर काहीच करत नसेल आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ते हक्क तुमच्याकडे परत येतात. म्हणजे माझा तो एक पानी कागद मला वाटला तेवढा जीवघेणा नव्हता. पण हे कळेपर्यंत मी तीन वर्षं प्रकाशकाला घाबरून होते.

कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो, तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर साहित्यकृतीचं शुल्क ५०० रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो. कुणी त्यासाठी हजारो मागत असेल तर उठून या.

आयएसबीएनचंही तेच. पुस्तकाच्या ओळखीचा हा तेरा अंकी क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन मिळतो आणि फुकट मिळतो. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही मिळतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि मुखपृष्ठ हाताशी ठेवा, आणि छपाईच्या बरेच दिवस आधी अर्ज करा. माझ्या बिलात 'आयएसबीएन खर्च' अशी एक वेगळी ओळ होती. मी ती भरलीही.

स्वतः प्रकाशक झालात तर आणखी एक काम मागे लागतं. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. त्या प्रती प्रकाशन समारंभात वाटून टाकू नका, आधीच बाजूला काढून ठेवा.

करारावर सही करण्याआधी एवढं तरी पाहा: किती प्रती, किंमत कोण ठरवणार, मानधनाचा टक्का छापील किमतीवर की विक्रीवर, हिशेब वर्षातून किती वेळा, न विकलेल्या प्रतींचं काय, दुसरी आवृत्ती कुणी काढायची, अनुवाद आणि ईपुस्तकाचे हक्क कुणाकडे. कोंकणी अनुवादाचा हक्क वेगळा लिहून घ्या. गोव्यात तो खरोखर मागितला जातो.

पेट्या घरी आल्याच, तर जमिनीवर ठेवू नका आणि भिंतीला टेकवूही नका. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, पेटीत कडुलिंबाचा सुका पाला, आणि पावसाळ्याआधी एक ऊन. मी पहिल्या वर्षी त्या पलंगाखाली सारल्या होत्या. ऑगस्टमध्ये एक पेटी उघडली, तर वाळवी तिसऱ्या कथेपर्यंत पोचली होती.